मागच्या गुरुवारनंतर

पाणी माझ्या कमरेला लागलं होतं आणि माझी कुसुम माळ्यावर बसून रडत होती. चुलीतली राख घरभर तरंगत होती. मी एका हातानं माळ्याची शिडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं पिठाचा डबा. शिडी सुटली असती तर पोर वर आणि मी खाली, असं झालं असतं. तेवढ्यात मागच्या दारानं धोंडूभावजी आत आले. डोक्याला मेणकापड बांधलेलं. माणूस बुटका, त्यामुळे माझ्या कमरेचं पाणी त्यांच्या छातीला. दारातच थांबले आणि मला विचारलं,

"वयनी, मागच्या गुरुवारनंतर घरात नवं काय आलं?"

"पाणी," मी म्हणाले.

"तसं नाय हो. ठेवण्याजोगं."

"भावजी, आधी पोरीला घ्या!"

त्यांनी पोरीला घेतलं. मानेवर बसवलं, तिचे दोन्ही पाय धरले आणि दाराकडे निघाले. मी डबा टाकला आणि त्यांच्या मागून निघाले. दारातून बाहेर पडता पडता पुन्हा म्हणाले, "म्हंजे नवं काय नाय ना? आताच सांगा. मागनं म्हणाल, धोंडूनं इचारलं नाय."

धोंडूभावजी आमच्या नात्यातले नव्हेत. महाडला नदीच्या बाजूच्या आळीत आमचं घर, त्याला लागून त्यांचं. धंदा शिंप्याचा. पुढच्या पडवीत मशीन, मागं एक खोली. बायको वारलेली. एकटा माणूस. पण त्या एकट्याच्या घरात प्रत्येक गोष्ट दोन होती. दोन चष्मे, दोन कात्र्या, दोन छत्र्या. टोपीत दोन सुया खोचलेल्या, एकीत काळा दोरा, एकीत पांढरा. आमचे हे म्हणायचे, "धोंडूला देवानं नाक एकच दिलं, त्याची त्याला लई चुटपुट."

सावित्री नदी आमच्या आळीत दर पावसाळ्यात एकदा तरी येते. कधी पायरीपर्यंत येते, कधी उंबऱ्यापर्यंत, आणि जाते. आम्ही सामान फळीवर चढवतो. पाणी उतरलं की गाळ काढतो, भिंती पुसतो, चूल नवी घालतो. आमच्या सासवांनी तेच केलं, आम्हीही तेच करत होतो. धोंडूभावजींना ते मान्य नव्हतं.

"फळी कुठं हाय?" ते विचारायचे.

"घरात."

"मग घर गेलं की फळी गेली. जोड घराबाहेर पायजे."

जोड म्हणजे घराचा जोड. दर चैत्रात ते आळीतल्या घरोघर जाऊन एक मोठं गाठोडं बांधून घ्यायचे. त्यात काय? एक जुनेर, एक धोतराचं पान, कांबळ्याचा तुकडा, मूठभर बियाणं, मीठ, सुंठ, वेखंड, विळीचं जुनं पातं, एक वाटी, एक दिवा, कुलपाची दुसरी किल्ली. सगळं घरातलंच, पण घराला नको झालेलं. "एवढ्यावर घर परत उभं ऱ्हातं," असं ते म्हणायचे. ह्या गाठोड्याला त्यांनी नाव दिलं होतं पाया. पाया डोक्यावर घेऊन ते गावाच्या वर, डोंगरातल्या वाडीत न्यायचे. तिथं त्यांची थोरली बहीण भिकीआक्का राहायची. तिच्या माळ्यावर सगळ्या आळीची गाठोडी रचलेली असायची. भिकीआक्का महाडला बाजाराला आली की आमच्याकडे टेकायची आणि म्हणायची, "माज्या माळ्यावर माजा संसार मावत नाय, ह्याच्या आळीचा मावतो!"

पाया एकदा नेला की वर्षभर तो परत बांधायचा नाही. पुढं फक्त बदललेलं न्यायचं. दर गुरुवारी मशीन बंद ठेवून ते दारोदार फिरायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, मागच्या गुरुवारनंतर काय बदललं? नवी विळी घेतली असली तर जुन्या पात्याच्या जागी दुसरं पातं. लोणचं घातलं असलं तर चमचाभर लोणचं. त्याचं छोटं गाठोडं. त्याचं नाव वाढ. वाढीवर वाढ, वाढीवर वाढ, अशी प्रत्येक घराची उतरंड भिकीआक्काच्या माळ्यावर चढत जायची. त्यांचं एक वाक्य आळीत लहान पोरांनासुद्धा पाठ होतं, "पाया आधी, वाढ मागनं." भावजी रस्त्यानं जाताना पोरं ते ओरडायची. भावजींना वाटायचं पोरं शिकतायत.

घराघराचा बेत वेगळा. आमच्या घरात लहान पोर, म्हणून आमची पाळी दर गुरुवारी. पलीकडे जोशीकाका आणि काकू दोघंच म्हातारी. त्यांच्याकडे नुसतं अमावास्येला. "म्हाताऱ्यांच्या घरात काय बदलतंय? खोकला तेवढा बदलतो." शाळेचे मास्तर सडे, घरात म्हातारी आई, एक पेटी आणि एक तांब्या, त्यांचं होळीला एकदा. सून आली, पोर झालं, कोणी मुंबईला नोकरीला गेलं की त्या घराचा बेत बदलायचा. हे सगळं लक्षात ठेवायला त्यांनी कातरणं लावली होती. प्रत्येक घराचं एक कापड ठरलेलं. आमचं निळ्यावर पांढरे ठिपके. ते ठिगळ गाठोड्याला शिवायचं आणि त्यावर टाके घालायचे. लाल टाका म्हणजे दर गुरुवारी, पांढरा म्हणजे अमावास्येला.

"लिहून का ठेवत नाही?" मास्तरांनी विचारलं होतं.

"कागद भिजतो. कापड भिजलं तर वाळतं," भावजी म्हणाले. मास्तरांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी आपलं तांबं-पितळ भावजींच्या हवाली केलं.

भावजींचं बोलणंही असलंच. काल सांगितलेली गोष्ट ते आज पुन्हा सांगत नसत. कालनंतर तिच्यात जे घडलं तेवढंच सांगायचे. तुम्ही काल नसलात तर तुमचं नशीब. एकदा दळण घेऊन मी येत होते, तर मशीनवरून म्हणाले, "आणि मग म्हशीनं ती परत दिली."

"काय परत दिलं?"

"काल यायचं होतंत."

म्हशीनं काय परत दिलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सगळं नेहमी बरोबरच व्हायचं असंही नाही. एका साली दिवाळीत त्यांच्या डोळ्यांनी घोळ घातला. जोशीकाकांचं ठिगळ फिकट हिरवं आणि नव्यानं लग्न झालेल्या गोविंदाचं गर्द हिरवं. गोविंदाच्या घराला वाळवी लागली, सामान बाहेर काढावं लागलं, म्हणून त्याला वरून गाठोडं आणून दिलं. नवी नवरी सगळ्यांच्या देखत गाठ सोडायला बसली. आतून निघालं सांधेदुखीचं तेल, लोकरीच्या गुडघेपट्ट्या आणि कवळी ठेवायची वाटी. पोरगी घरात गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तिकडे जोशीकाकूंनी आपलं म्हणून ठेवलेलं गाठोडं उघडायला लावलं तर त्यात हिरव्या बांगड्या आणि घुंगरांचा पाळणा. काकू म्हणाल्या, "धोंडू, एवढी आशा आम्हाला नाही रे."

अब्बासभाईंच्या घरी तर मोठीच गंमत झाली. अब्बासभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ इस्माईल, दोघांची बाजारात सुक्या मासळीची वखार. चैत्रातला पाया बांधून गेल्यावर दोघांचं बिनसलं आणि चुली वेगळ्या झाल्या. पावसात त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत पडली आणि दोन्ही घरांची भांडी तिच्याखाली चेपली. भावजी वाडीवर गेले आणि त्यांच्या नियमाप्रमाणे आधी पाया घेऊन आले. पाया बांधला होता तेव्हा घर एक होतं. एक मोठं पातेलं, एक डाव, एक पोळपाट. चुली वेगळ्या झाल्याचं गाठोडं वाढीत होतं आणि वाढ वर राहिली होती, कारण पुढचे चार-पाच दिवस वाट चिखलानं बंद होती. एका पातेल्यात दोन घरांचं वेगळं कसं शिजवणार? दोघी जावा एका चुलीवर बसल्या, दोघे भाऊ एका दस्तरखानावर. तिसऱ्या दिवशी आतून हसण्याचा आवाज आला असं लोक सांगत. मग वाट उघडली, भावजींनी वाटणीची वाढ आणून दिली, आणि दोघे भाऊ पुन्हा वेगळे झाले. अब्बासभाईंची बायको मला म्हणाली, "धोंडूभाय जरा सवडीनं आले असते तर काय बिघडत होतं?" मी हे भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धं घर देऊन कसं चालंल? जे झालंय ते सगळं दिलं पायजे. गोड असू दे, कडू असू दे."

नुसतं बांधून ठेवलं म्हणजे झालं, असंही त्यांना वाटत नसे. पावसाळ्याच्या आधी एक दिवस ते कोणतंही एक घर निवडायचे आणि त्या घरच्यांना गाठोड्यातल्या सामानावर एक दिवस काढायला लावायचे. "सोडून बघितल्याबिगर बांधलंय की नाय कळत नाय." आमची पाळी आली तेव्हा काडी पेटेना, सगळी पेटी दमट. टोक्यांनी बियाणं पोखरलेलं. मिठाचा दगड झालेला. मी स्वच्छ सांगितलं, "भावजी, पुरात वाचलो तरी तुमच्या गाठोड्यानं मेलो असतो." त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या गुरुवारी आळीतल्या सगळ्या काड्यापेट्या मेणात बुडवून झाल्या होत्या, आणि बियाण्यात कडुलिंबाचा पाला.

आता पुराचं सांगते.

त्या श्रावणात पाणी उंबऱ्यावर थांबलं नाही. सकाळी पायरीला होतं, भाकऱ्या होईतो घरात शिरलं. आमचे हे भाताच्या गिरणीत कामाला, ते तिकडेच अडकले. भावजींनी कुसुमला मानेवर घेतलं आणि आम्ही आळीतून शाळेच्या टेकाडाकडे निघालो. शाळा उंचावर, तिथं पाणी कधी चढलेलं नव्हतं. पण वाटेत एका ठिकाणी ओढ जोरात होती. भावजींचा पाय घसरला. ते पडले नाहीत, पण कुसुम त्यांच्या मानेवरून मागं कलली आणि पाण्यात गेली. मी तिचं पोलकं धरलं. दोन गटांगळ्या खाल्ल्या असतील तिनं. ओढून वर काढली आणि पुढं चाललो. पाऊस आमच्यावर कोसळत होता.

शाळेत आळीतली बहुतेक माणसं जमली होती. सगळ्यांच्या अंगावरून पाणी गळत होतं. कौलं गळत होती, सरपण भिजलेलं, जाळ होईना. मी कुसुमला मांडीवर घेऊन बसले. तिचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. मग तिचं कापणं थांबलं. मला वाटलं, बरं वाटतंय पोरीला. जोशीकाकूंनी तिचा तळवा हातात धरला आणि म्हणाल्या, "अगो, ही आतून गार पडतेय. कापणं थांबलं हे वाईट. ओलं काढ आणि सुकं घाल, लवकर."

सुकं कुठून आणणार? अख्ख्या शाळेत हातरुमालाएवढं सुकं कापड नव्हतं.

भावजी आळीतली राहिलेली म्हातारी माणसं आणायला परत खाली निघाले होते. तेवढ्यात हे गिरणीतून येऊन पोहोचले. भावजींनी त्यांना दारातच धरलं. "वर वाडीवर जा. आक्काच्या माळ्यावर निळ्या ठिपक्याची उतरंड तुमची. पाया आधी काढ. मग त्यावरची वाढ. सगळी आण. ध्यानात ऱ्हाईल?"

"पाया आधी, वाढ मागनं. पाठ हाय रे मला," हे म्हणाले आणि गेले.

वाडीची चढण उभी. त्या पावसात जाऊन यायला त्यांना बराच वेळ लागला. मी कुसुमला पोटाशी धरून बसले होते. ती झोपायला बघत होती आणि जोशीकाकू तिला झोपू देत नव्हत्या, गालाला चिमटे घेत होत्या. पोर चिमट्यानं रडत होती तोवर मला बरं वाटत होतं. मग तीही रडायची थांबली.

हे आले. हातात एकच गाठोडं, नारळाएवढं.

"बाकीची?" मी विचारलं.

"अगं, शेवटचं आणलं. शेवटचं म्हंजे सगळ्यात ताजं. त्यात सगळं असणारच. उगाच जुनी कशाला वाहायची?"

गाठ सोडली. आत एक कंदिलाची काच, एक उंदराचा सापळा आणि डबीत चमचाभर लिंबाचं लोणचं. मागच्या गुरुवारपर्यंतच्या आठवड्यात आमच्या घरात एवढंच बदललं होतं.

भोवतालची माणसं हसली. भिजलेली, घरं गेलेली माणसं, पण हसली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले.

भावजी तेव्हाच मास्तरांच्या आईला पाठीवर घेऊन आत आले होते. त्यांनी तिला खाली ठेवलं आणि सापळा बघितला. मला वाटलं आता हा माणूस पाया आणि वाढ यावर बोलायला लागेल आणि मी त्याला सापळा फेकून मारीन. पण ते खाली वाकले. कुसुमकडे बघितलं, तिच्या पायाला हात लावला.

"तुमची सगळी आणली असती तरी हिच्या मापाचं त्यात नाय," ते हळू म्हणाले. "तुमच्या पायाच्या गाठोड्यात हिचं पाळण्यातलं झबलं हाय."

खरं होतं. कुसुमला एक परकर अंगावर आणि एक दोरीवर. गाठोड्यात घालायला तिसरा नव्हता.

"कांबळ्याचा तुकडा तरी?" मी विचारलं.

"असंल. थांबा जरा," म्हणाले आणि बाहेर पडले. हे मागून निघाले तर त्यांना म्हणाले, "तू पोरीपाशी बस."

ते परत आले तेव्हा पाऊस तसाच होता. मेणकापडात गुंडाळलेली चांगली जाड उतरंड खांद्यावर होती. वर ठिगळ पिवळ्या फुलांचं. तसलं ठिगळ आळीत कुणाच्याच घराचं नव्हतं.

"हे कुणाचं?" जोशीकाकूंनी विचारलं.

"माझ्या घराचं."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गुरुवारी कुणी त्यांना विचारलं की तुमच्या घरात काय बदललं, तर ते म्हणायचे, "एकट्याच्या घरात बदलतंय काय?" त्यांच्या नावाचं गाठोडं आम्ही कधी बघितलं नव्हतं. ते खाली बसले, हात झटकून कोरडे केले आणि सगळ्यात तळाचं गाठोडं ओढलं.

"अरे शेवटचं सोड! शेवटचं!" हे ओरडले. चूक आत्ताच केलेली, तरी ओरडले.

"शेवटच्यात नुसतं पोलकं हाय. परकर त्याच्या आधीच्यात. गोधडी पायात. सगळी सोडल्याबिगर अंगभर होत नाय."

आणि त्यांनी सोडायला सुरुवात केली. पहिल्यातून जाड गोधडी निघाली, कातरणांचीच शिवलेली, आणि तिच्यात गुंडाळलेली एक कुंची आणि तळहाताएवढं झबलं. दुसऱ्यातून थोडं मोठं झबलं. मग बिनबाह्यांचा झगा. मग बाह्यांचा. मग लोकरीची टोपी. मग पहिला परकर, बोटभर लांबीचा म्हणावा एवढा. सगळं कोरं. एकदाही न धुतलेलं, खळीचा वास असलेलं, घडी घडीत कडुलिंबाचा पाला. एकेक घडी ते बाजूला ठेवत गेले. सगळे जवळ सरकून बघायला लागले. मास्तरांची आई तेवढी पुटपुटत होती, तिला दिसत नव्हतं.

शेवटी परकर आला तो कुसुमच्या मापाचा. त्याच्यावरच्या गाठोड्यातून पोलकं. मी तिचं ओलं उतरवलं, गोधडीनं अंग चोळलं, पोलकं घातलं, परकर बांधला, टोपी ओढली. खांद्याला खांदा लागला, मनगटाला बाही. दुसऱ्याचं घातल्यासारखं कुठं वाटत नव्हतं. गोधडीत गुंडाळून पुन्हा पोटाशी धरली. भावजी तिचे तळवे चोळत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग तिला पुन्हा कापरं भरलं, आणि जोशीकाकू म्हणाल्या, "कापतेय, कापू दे. आता भिऊ नको."

संध्याकाळ व्हायच्या आधी पोरीनं डोळे उघडून विचारलं, "लोणचं कुणाचं?" डबीतलं ते चमचाभर लोणचं तिनं बोटानं चाटून संपवलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघ, मी आणलेलं कामाला आलं. मी सापळा त्यांच्यापुढं सरकवला.

धोंडूभावजींना मुलगी होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळे विसरलो होतो. बायको तिसऱ्या बाळंतपणात गेली, आधीची दोन राहिली नव्हती. ही तिसरी तेवढी जगली. बायकोचं माहेर घाटावर, भोरच्या बाजूला. बायकोचे आईबाप आले आणि तान्ही पोर घेऊन गेले. बाप्या माणूस एकटा, तान्हं पोर कसं वाढवणार, असं म्हणाले. मोठी झाली की पाठवू म्हणाले. भावजी एकदा वरंधा घाट चढून तिकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी परत आले आणि मशीनवर बसले. काय झालं ते कुणी विचारलं नाही. पोरीचं नाव शांती.

पाणी उतरल्यावर गाळ काढायचं काम चाललं होतं, तेव्हा मी परकर आणि पोलकं धुऊन, वाळवून, घडी करून त्यांच्याकडे नेलं. ते मशीनच्या पायडलातून गाळ खरवडत होते.

"भावजी, हे माप कुणाचं?"

"कुसमीचं. दोघी एकाच महिन्याच्या. तुमचं शिवायला घेतलं की तिचंबी बेतायचं."

"आणि ती हिच्यापेक्षा जाड असली तर?"

"शिवणीत माया सोडलीय. उसवलं की सैल व्हतंय. परकराला दुमडी हायत."

"आणि बारकी असली तर?"

"तर आधीच्या सालातलं हायच की."

मी घडी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. "ते कुसमीला ऱ्हाऊ द्या. तिचं दुसरं शिवीन. वाडीवरचं गेलं तरी वरंधला एक जोड हाय."

"वरंधला?"

"घाट उतरला की तिथं वळखीचं घर हाय. पावसाची आली तर पोर भिजून येईल. तिथं सुकं नको अंगावर घालायला?"

"इतक्या वर्षांत आली नाही ती. आली तर पावसातच येणार आहे काय?"

"मे महिन्यात येईल की," भावजी म्हणाले. "तवाचं सुती हाय."

मी घडी घेऊन परत आले. पडलेल्या घराच्या अंगणात चूल घातली.

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा मी कुसुमला पुढं केलं आणि उभं राहा म्हणाले. त्यांनी खिशातून टेप काढली, खांदा मोजला, उंची मोजली. त्यानंतर कुसुम लग्न होऊन पोलादपूरला जाईपर्यंत दर दिवाळीला ती त्यांच्यासमोर उभी राहिली. चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर लाजायची, तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घालायची. शांती महाडला आली नाही. तिचं लग्न तिकडेच झालं, असं वरंधच्या माणसाकडून खूप उशिरा कळलं. तेव्हा भावजींनी दोन दिवस मशीन चालवलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि विचारलं, नऊवारी पातळाला कोणते काठ बरे दिसतात, हिरवे की लाल. मी लाल सांगितलं.

त्या पुरात आमच्या आळीतली नऊ-दहा घरं बसली, आमचं त्यातच. मास्तरांची आई आठवड्यानं गेली, ती आधीच आजारी होती. बाकी आळीतलं कुणी गेलं नाही. हे जगले, मी जगले, धोंडूभावजी जगले. कुसुम जगली.